साळवे सरांची शेवटची ओळ

आमच्या गल्लीत अजूनही कुणी जरासं वेगळं वाक्य बोललं, की समोरचा थांबतो आणि विचारतो, "हे तुझं का साळवे सरांचं?" परवा भाजीवालीनं मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकत म्हटलं, "घ्या ताई, आजचा दिवस काय आपला नाय." मी पटकन तेच विचारलं. ती हसली. सरांना जाऊन आता वर्ष होत आलं.

पुंडलिकनगरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, दहाव्याचे कागद, पोरांचे बायोडाटा, असा सगळा माल. या गिऱ्हाइकीत एक दिवस साळवे सर आले आणि त्यांनी टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला. उंच, सावळा माणूस, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. म्हणाले, "कविता आहेत. रशियन कवीच्या. मराठी मी केलंय." मी विचारलं, "कवीचं नाव काय टाकू?" म्हणाले, "नाव सगळ्यात शेवटी. नाव कळलं की लोक मोबाईलवर त्याचा जन्म-मृत्यू बघतात आणि कविता वाचायची राहून जाते."

हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कुणासाठीही मोडला नाही. त्यांच्या तोंडी तो कायम 'आपला कवी' असायचा. मला नाव ठाऊक आहे, पण नियम नियमच आहे. मीही ते इथं लिहीत नाही.

त्याच पहिल्या दिवशी त्यांनी माझं माहेर विचारलं. मी बिडकीन सांगितलं. "कोणाच्या तुम्ही?" आजोबांचं नाव सांगितलं तसे सर अगदी सहज म्हणाले, "हां. तुमच्या आजोबांच्या रानात माझी आई खुरपायला असायची." मी उगाच कीबोर्ड पुसायला लागले. त्यांना त्यात काही बोलण्यासारखं वाटत नव्हतं. त्यांनी गठ्ठ्यातला पहिला कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "बसूया. पानावर मोकळी जागा भरपूर सोडा. आपल्या कवीला मोकळी जागा लई लागते."

सरांचं शिक्षण नागसेनवनात, बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या कॉलेजात झालं. तिथून सरकारी शिष्यवृत्तीवर ते रशियाला गेले, ते मेकॅनिकल इंजिनिअर व्हायला. झालेही. पण परत येताना पेटीत यंत्रांची पुस्तकं कमी आणि हा एक कवी जास्त होता. मी एकदा विचारलं, "सर, तुम्ही बौद्ध, चळवळीतल्या घरातले. तुमच्या पिढीतल्या बाकीच्यांनी तिकडून क्रांतीची पुस्तकं आणली. तुम्हाला हा धुक्यातला माणूस कुठं भेटला?" ते म्हणाले, "क्रांतीची मीही आणली. ती वाचून झाली. हा अजून व्हायचाय."

हा कवी कसा होता, ते सरांनी मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मोठ्या घरातला, लाडात वाढलेला. त्याचं म्हणणं असं, की दिसतं ते जग म्हणजे पडदा आहे, खरं जग त्याच्या मागं आहे, आणि कवितेतली प्रत्येक गोष्ट म्हणजे त्या पडद्याला लावलेला हात. प्रतीकवाद म्हणतात त्याला, असं सर सांगायचे, आणि लगेच म्हणायचे, "तो शब्द विसरून जा. तो निळा म्हणतो तेव्हा त्याला निळ्याच्या पलीकडचं काहीतरी दाखवायचं असतं. पण निळा रंग आधी निळा दिसला पाहिजे. नाहीतर नुसतं धुकं राहतं." आणि एकदा चहा पिता पिता म्हणाले, "हा माणूस जिवंत असता तर मला त्यानं घराच्या पायरीवरही उभं केलं नसतं कदाचित. तरी पण माझा आहे." ही तक्रार नव्हती. नातेवाइकाबद्दल बोलावं तसं ते बोलत होते.

नोकरी त्यांनी वाळूजच्या एका कारखान्यात केली, क्वालिटीत. म्हणजे तयार झालेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं. त्यांच्या खिशात निवृत्तीनंतरही एक लोखंडी गेज असायचं, दोन तोंडांचं. भोकात एक टोक गेलंच पाहिजे आणि दुसरं टोक जाता कामा नये. दोन्ही झालं तर माल पास. सर ते गेज माझ्या टेबलावर ठेवून म्हणायचे, "मनीषा, जवळजवळ बरोबर असं काही नसतं. जवळजवळ बरोबर म्हणजे भंगार."

आणि इथूनच सगळा घोळ सुरू व्हायचा. कारण कवितेची ओळही ते याच पद्धतीनं तपासायचे.

पद्धत अशी. ओळ मराठीत बसली, की ती कागदावर पक्की करायच्या आधी कुणाला तरी बोलून दाखवायची. पण कविता म्हणून नाही. सहज, गप्पांच्या ओघात, जणू आपलंच बोलणं आहे अशी. समोरच्यानं "म्हणजे?" असं विचारलं तर ओळ रिजेक्ट. समोरचा "वा!" म्हणाला तर तीही रिजेक्ट, कारण वा म्हणाला म्हणजे त्याला कविता असल्याचा वास लागला. समोरच्यानं उत्तर दिलं पाहिजे. साधं, त्याच्या मनातलं. मग ती ओळ पास. पास झाली की सर उजव्या हाताच्या मधल्या बोटानं टेबलावर, नाहीतर जे काय जवळ असेल त्यावर, टकटक करायचे. दोनदा. गल्लीला ती टकटक ठाऊक झाली होती.

माझ्यावरही त्यांनी हा प्रयोग केला. मी एका लग्नपत्रिकेतला गणपती मधोमध आणत होते. सर दारात येऊन म्हणाले, "काल जिथं दिवा दिसला होता ना, तिथं घरच नाही." मी मान वर न करता म्हटलं, "मग शेजारी कुणाला तरी विचारायचं ना सर." टकटक. सर निघून गेले. पुढं टाईप करताना तीच ओळ समोर आली तेव्हा मला राग आला. मला न सांगता मला गेजासारखं वापरलं होतं. दुसऱ्या दिवशी मी भांडले. सर शांतपणे म्हणाले, "सांगितलं असतं तर तू वा म्हणाली असतीस."

रहीमभाई रिक्षावाल्याची गोष्ट तर अख्ख्या पुंडलिकनगरला पाठ आहे. सर हर्सूलच्या तलावाकडं निघाले होते. कवीची निळ्या संध्याकाळींवरची एक मोठी कविता होती, त्यातली ओळ त्यांना तपासायची होती. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "संध्याकाळ झाली की मला सगळं निळं दिसायला लागतं." रहीमभाईनं रिक्षा हळू केली. "कबसे सर?" सर खूश झाले, उत्तर येतंय म्हणून. म्हणाले, "लहानपणापासून." रहीमभाईनं रिक्षा वळवली आणि थेट डोळ्यांच्या दवाखान्यासमोर उभी केली. "उतरो सर. इत्ते साल घर में किसी को बोले नहीं तुम?" सर सांगत राहिले की बाबा ही कविता आहे, पण रहीमभाई हात सोडेना. "कविता बाद में. पहले आंख." शेवटी लाजेकाजेस्तव सर खुर्चीत बसले, डॉक्टरनं तपासलं आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं. सर काळा चष्मा लावून दुकानात आले आणि म्हणाले, "ओळ रिजेक्ट. डोळा पास."

निवृत्तीनंतर घरच्या पुढच्या खोलीत ते रशियन भाषेचा क्लास घ्यायचे. आपल्याकडची बरीच पोरं तिकडं डॉक्टरकी शिकायला जातात, त्यांच्यासाठी. पोरांना बाराखडी यायच्या आधी सर त्यांच्याकडून कवितेच्या चार ओळी पाठ करून घ्यायचे. एका मुलाचे वडील वैतागून आले होते, "सर, पोरगं डॉक्टर व्हायलंय. कवितेचं काय करायचंय त्याला?" सर म्हणाले, "पेशंट काय पुस्तकातलं बोलतो व्हय? तो म्हणतो, छातीत कुणीतरी बसलंय. मग तुमचं पोरगं म्हणणार, कोण बसलंय?" मुलगा आठवडाभर कवितेच्या त्याच चार ओळी घोकत गल्लीतून फिरत होता आणि कुत्री त्याच्यावर भुंकत होती.

सरांच्या पत्नी विमलकाकू. त्या शाळेत शिपाई होत्या, त्याही निवृत्त झालेल्या. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, घरात बाबासाहेबांच्या फोटोला रोज ताजं फूल असलंच पाहिजे अशा. सरांच्या परीक्षांचा सगळ्यात जास्त मार त्यांनीच खाल्ला. लग्न झाल्यापासून नवरा खरं बोलतोय की ओळ तपासतोय ते त्यांना कधी नीट कळलं नाही. "मला म्हणले, तुझ्या केसात बर्फ पडलाय. मी म्हणलं, मग काय डाय लावू? तर टेबलावर टकटक. मला वाटलं, चला, पन्नाशीत का होईना नवऱ्याला आपले केस दिसले." हे सांगताना त्या हसायच्या, पण पूर्ण नाही.

तर असं करत करत सगळ्या कविता पास झाल्या. एका लहान प्रकाशकानं पुस्तक काढायचं कबूल केलं. माझ्याकडं फाईल तयार होती. अडली होती एकच ओळ. शेवटच्या कवितेची शेवटची.

कविता छोटी आहे. थंडीचे दिवस, म्हातारा माणूस, घर. कवितेभर काही घडत नाही. शेवटी तो म्हणतो, की मी कुणाची वाट बघत नाही, तरी दार लावू नका. एवढंच. सरांनी पहिल्यांदा केलं होतं, 'न कुणाची प्रतीक्षा, तरी द्वार न मिटो.' स्वतःच वाचून म्हणाले, "नाटकातला राजा मरायलाय असं वाटतं." मग साधं केलं. मग आणखी साधं केलं. आणि गल्लीभर तपासत सुटले.

पण ही ओळ कुठंच पास होईना. सर माझ्या दुकानात म्हणाले, "वाट कुणाची बघत नाही मी, पण दार उघडं असू दे." मी म्हटलं, "सर, एसी लावलाय." रहीमभाई म्हणाला, "मच्छर आयेंगे." विमलकाकू म्हणाल्या, "कुत्रं येतंय आत, मागं चपाती नेली त्यानं." सगळे दाराला उत्तर देत होते. ओळीला कुणी देत नव्हतं.

कुठं घोडं अडतंय ते त्यांना एका मुलीमुळं कळलं. श्रद्धा नावाची त्यांची विद्यार्थिनी तिकडं शिकायला होती. ऐन जानेवारीत सरांनी तिला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की हॉस्टेलचं बाहेरचं दार थोडा वेळ उघडं ठेव आणि काय होतं ते सांग. पोरगी गुणी, तिनं ठेवलं. मोबाईलवर आम्हाला फक्त आरडाओरडा ऐकू आला. मग श्रद्धा नाक लाल करून आली. "सर, वॉर्डन लई बोलली. म्हणली, आख्खी इमारत मारायची का?"

सरांनी मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाले, "तिथं उघड्या दाराची किंमत मोजावी लागते. जीव जाऊ शकतो. आपल्याकडं दार दिवसभर उघडंच असतं. आपल्या दाराला काय किंमत आहे?"

काकू आतून म्हणाल्या, "मग दाराच्या जागी नळ टाका. म्हणा, कुणी प्यायला येणार नाय, तरी नळ चालू राहू द्या." आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल ते पाणीवाल्यालाच ठाऊक. चालू नळ बघितला की आमच्या गल्लीतला कुठलाही माणूस धावत जाऊन बंद करतो. मी हसले. सर हसले नाहीत. त्यांनी दोन दिवस खरोखर नळाचा विचार केला, कागदावर लिहून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "विमल बरोबर होती. पण नळातून माणूस येत नाही."

प्रकाशकाचा फोन आला की सर म्हणायचे, "एक नग राहिलाय." मी म्हणायचे, "सर, एका ओळीसाठी कोण वाचक कोर्टात जाणारे?" ते खिशातलं गेज काढून टेबलावर ठेवायचे.

मग तो सकाळचा प्रकार झाला. सर चहाला बसले होते. काकू कणीक मळत होत्या. सर म्हणाले, "विमल, हा हात कुणाचा ठेवलाय इथं?" काकूंनी मागं वळून बघितलं नाही. इतक्या वर्षांची सवय. म्हणाल्या, "तुमचाच असंल. नीट ठेवा." आणि कणीक मळत राहिल्या. टकटक कशी आली नाही म्हणून त्यांनी थोड्या वेळानं वळून बघितलं, तर चहा शर्टावर सांडलेला होता आणि सरांचं तोंड एका बाजूला गेलं होतं. रहीमभाईनंच दवाखान्यात नेलं. डावी बाजू गेली. उशीर झाला होता, पण फार नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकूंना ते 'फार नाही' पुरलं नाही. त्या दवाखान्याच्या बाकावर बसून मला म्हणाल्या, "मनीषा, त्यांनी मला खरं सांगितलं आन् मी कविता समजले गं." त्यांचा हात माझ्या हातात होता आणि बोटांना अजून कणीक चिकटलेली होती. मला इतकं वाईट क्वचित वाटलंय.

सर शुद्धीवर आले, बोलायला लागले. जड, थांबत थांबत. काकूंनी झालेलं सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे... ओळ... पास झाली." काकूंनी तिथंच, नर्सच्या देखत, त्यांच्याकडून वचन घेतलं. "आता बास. इथनं पुढं माझ्याशी जे बोलाल ते तुमचं बोला. खरं. एक पण ओळ माझ्यावर तपासायची नाय." सरांनी उजवा हात उशीवरून उचलला आणि काकूंच्या मनगटावर ठेवला.

ते वचन त्यांनी पाळलं. काकूंशी पाळलं आणि आमच्याशीही. घरी आल्यावर ते पुढच्या खोलीत पलंगावर असायचे, क्लास बंद झाला होता. मी जायचे तेव्हा पाणी, औषध, क्रिकेट असं बोलायचे. साधं आणि थोडं. मला ते साधेपण सहन होत नव्हतं. एकदा मी फाईलचा विषय काढला. म्हणाले, "शेवटच्या ओळीची... जागा... कोरी ठेव." मी म्हटलं, "सर, तुम्ही आधी केलेल्यांतली एखादी घालूया ना." त्यांनी मान हलवली. "भंगार." मग काकू आत असल्याची खात्री करून हळूच म्हणाले, "आता तपासता... येत नाही. वचन आहे." माणसानं आयुष्य घालवलं त्या एका माणसाच्या कवितांमध्ये, आणि ते पुस्तक एका कोऱ्या जागेवर संपणार होतं.

डिसेंबर संपत आला होता. त्या वर्षी थंडी चांगलीच पडली होती. सरांच्या छातीत कफ साठायचा, डॉक्टरनं बजावलं होतं की वारा अजिबात लागू द्यायचा नाही. मी दिवेलागणीच्या वेळी गेले. काकू फोटोपुढं मेणबत्ती लावून बाहेर आल्या आणि रोजच्याप्रमाणं पुढचं दार लावायला निघाल्या. गल्लीत कुणी नव्हतं. क्लासची पोरं यायची बंद झाल्यापासून त्या दारात चपलांचा ढीगही नसायचा.

सर म्हणाले, "राहू दे."

"थंडी किती हाय. कोण यायचंय आता?"

सर दाराकडं बघत होते. बराच वेळ लागला त्यांना. "कोणी नाही यायचं," ते म्हणाले. "तरी राहू दे."

काकू कडीला हात लावून थांबल्या. त्यांनी सरांच्या तोंडाकडं नीट बघितलं, डोळे बारीक करून, हिशेब घेतल्यासारखं. "हे तुमचं का कवीचं?"

"माझं," सर म्हणाले.

काकूंनी कडी सोडली. पलंगाशी आल्या, पायथ्याची शाल उचलली आणि सरांच्या छातीवरून, डाव्या खांद्याखाली नीट खोचली. "मग शाल घ्या," त्या म्हणाल्या. दार त्यांनी तसंच ठेवलं आणि गार वाऱ्यात स्वतः दाराजवळची खुर्ची ओढून बसल्या.

सरांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोप लागली. मग त्यांचे डोळे उघडले, एकदम, आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. काकूंकडं नाही, माझ्याकडं. उजवा हात शालीतून हळूहळू बाहेर आला आणि पलंगाच्या लाकडी कडेवर मधलं बोट वाजलं. टकटक. काकूंनी वळून बघितलं आणि परत दाराकडं तोंड केलं.

मी थोड्या वेळानं उठले. पायरी उतरताना सवयीनं माझा हात मागं दाराकडं गेला. मी तो परत घेतला आणि दार होतं तसं ठेवून घरी आले.